दोन नळ्यांची किडनी

"बेबी, काय म्हणतोय गं त्यो? माज्यात खोट हाय म्हणतोय?"

शेवंताआत्तीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की माझ्या बांगड्या रुतल्या. समोर उजेडाच्या काचेवर तिच्या पोटाचा फोटो लावलेला. मांडीतून औषध सोडून काढलेला तो फोटो. त्यात रक्ताच्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसत होत्या. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते.

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. म्हणून निपाणीहून आम्ही इतक्या लांब, मद्रासकडच्या मोठ्या दवाखान्यात आलो होतो. आईचं रक्त जुळलं नाही, आण्णांच्या थोरल्या बहिणीचं, आत्तीचं जुळलं. आणि नववीतलं माझं इंग्रजी घरात सगळ्यांत झकास, म्हणून मी दुभाषी! वर्गात उत्तर देताना लटपटणारी मी इथे नर्सनाही थांबवून प्रश्न विचारू लागले होते.

खोट हा शब्द आत्तीच्या फार ओळखीचा. मूल होत नाही म्हणून सदलग्याच्या सासरच्यांनी तिला निपाणीत आणून सोडलं, कुठल्या डॉक्टरला न दाखवताच. तेव्हापासून ती विड्या वळते, आमच्या शेजारच्या खोलीत राहते आणि बोलावलं तरी कुणाच्या बारशाला जात नाही.

मी डॉक्टरांचं बोलणं तिला सांगितलं. किडनीला रक्त नेणारी नळी बहुतेकांना एकच असते, हिच्या दोन्ही किडन्यांना दोन-दोन आहेत. जोडायला अवघड. एखादी नीट बसली नाही तर किडनीचा तेवढा भाग मरतो. घ्यायची की नाही, ते विचार करून ठरवणार होते.

आत्ती उठून उभीच राहिली.

"त्यास्नी म्हणावं, मला परत लावून देऊ नगा. एकदा लावून दिलंय तेवढं बास झालं."

माझं इंग्रजी तिथेच अडकलं. कसंबसं सांगितलं आणि वर माझं म्हणून विचारलं, की ही खोट आहे का? डॉक्टर चष्मा काढून आत्तीकडेच बघत म्हणाले, की यात वाईट काही नाही, पुष्कळांना असं असतं. अवघड आहे ते मला, त्यांच्यात काही कमी नाही.

"पुन्यांदा सांग," आत्ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. मग ती बसली.

डॉक्टरांनी बराच वेळ तो फोटो न्याहाळला. मग कागदावर विजारीचे दोन पाय काढले, कमरेला एक तोंड. किडनी बर्फात ठेवून दोन्ही नळ्या आधी अशा शेजारी-शेजारी शिवायच्या, मग ते एकच तोंड आण्णांच्या नळीला जोडायचं. दोरा केसाहून बारीक. मी जमवून बघतो, म्हणाले.

"म्हंजे माज्या किडनीला इजार शिवणार व्हय?" म्हणत आत्ती इतकी हसली की डॉक्टरही हसले.

आणि जमलं! चिमटे सोडल्याबरोबर फिकी पडलेली किडनी गुलाबी झाली, टेबलावरच लघवी आली, असं ते स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. मी आईला गच्च मिठी मारली.

आत्तीला चालता येऊ लागल्यावर मी तिला आण्णांच्या खोलीपाशी नेलं. आत सोडत नव्हते, काचेतून बघायचं. आण्णांनी तिला पाहून हात जोडले, डोळे भरले त्यांचे. आत्तीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती कॉटखालच्या लघवीच्या बाटलीत पडणारा एकेक थेंब बघत होती.

"नांदतीया गं," ती म्हणाली.

मी आणून दिलेल्या स्टुलावर ती कुशीला हात लावून बसली आणि बाटली भरेपर्यंत उठली नाही.