एक इंच वजा

डॉक्टरसाहेब, चूक तुमची आहे. तुमच्यासमोर एक माणूस बसला होता. त्याच्या मुलीच्या हातात अकरा ओळींची यादी होती. ती न वाचताच तुम्ही कागदावर एक शब्द खरडलात, 'वयोमानानुसार', आणि चार मिनिटांत आम्हाला बाहेर काढलंत. मी तिथे होते. त्या माणसाच्या गळ्यातच होते.

मित्रांनो, मी एका शिंप्याची जुनी टेप आहे. साठ इंचांची जन्मले, आज एकोणसाठ इंचांची आहे. कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या आणि मला गुंडाळून डबीत घातलं. मास्तरांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. पुढे एकदा कापड बेतताना माझं टोक त्यांच्याच कात्रीखाली आलं आणि पहिला इंच कचकन गेला. मास्तरांनी कड एकच्या रेघेवर सरळ करून घेतली.

"आता नवी घ्या," बायको म्हणाली.

"कशाला? तो इंच माझ्या डोक्यात आहे की."

आणि खरंच होता. माझ्यावर पस्तीस दिसले की वहीत चौतीस पडायचे. बावीस वर्षं आमचं असं चाललं. लोक म्हणायचे, मास्तरांची पँट म्हणजे अंगाबरोबर जन्मल्यासारखी. त्या कौतुकात माझाही वाटा होता, पण टेपचं नाव कोण घेतो?

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. खडू चष्म्याच्या घरात सापडायचा आणि चष्मा बटणांच्या डब्यात. एकाच गिऱ्हाइकाला ते तीनदा विचारायचे, "मागे खिसा एक की दोन?" एकदा एक जण म्हणाला, "मास्तर, आता तीन ठेवा. जितक्यांदा विचारलंत तितके." सगळे हसले. मास्तरही हसले, पण कॉलरखाली त्यांच्या मानेला घाम फुटला होता. तो मला लागला.

एवढ्यात बँडवाल्यांचं काम आलं. नऊ वादक, नऊ पँटी. कपडे नेले आणि आठवड्यात सगळी फौज परत दारात. ढोलवाल्याने कंबर मुठीत धरली होती.

"मास्तर, आता मी ढोल वाजवू की पँट धरू?"

"तुझं बरं आहे," तुतारीवाला म्हणाला. "मी श्वास घेतला की बटण उडतंय. आणि माझा धंदाच श्वासाचा."

मास्तरांचा मुलगा कचेरीतून येऊन टेकला होता. त्याने मला उचललं. "बाबा, ही तुटकी टेप अजून वापरता तुम्ही?"

"हो रे," मास्तर घाईने म्हणाले. "तिनेच दगा दिला."

मास्तर पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध बोलले. मला राग आला नाही, कारण त्यांचा आवाज घाबरलेला होता. मुलाने मला चिंध्यांच्या पोत्यात टाकलं आणि जाऊन नवी पिवळीधमक टेप आणली.

त्यांची मुलगी दुकानात काज-बटण करते. ती बोलते कमी, बघते जास्त. बँडवाले पँटी ठेवून गेल्यावर तिने त्या नऊही टेबलावर ओळीने मांडल्या आणि भावाला हाक मारली.

"दादा, मोज. चार सैल, तीन बरोबर, दोन घट्ट."

"मग?"

"टेप खोटी असती तर नऊही सारख्याच चुकल्या असत्या."

चार पँटींच्या वेळी मास्तर इंच वजा करायला विसरले होते. दोनांच्या वेळी केलेला विसरून त्यांनी पुन्हा केला होता. मुलीने टेबलावर अंथरलेलं कापड उचललं. खाली लाकडावर खडूने लिहिलेलं होतं, १ वजा. शेजारी पुन्हा, १ वजा. पुसून पुन्हा. मास्तरांना ठाऊक होतं, मित्रांनो. सगळ्यांच्या आधी त्यांनाच ठाऊक होतं आणि ते एकटेच लपवत बसले होते.

मी निर्दोष सुटले. त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

नवी टेप चार दिवसही टिकली नाही. हात जुन्या सवयीने तिच्यातूनही इंच वजा करायचा. मुलीने मला पोत्यातून काढून परत मास्तरांच्या गळ्यात घातलं, यादी लिहिली आणि त्यांना, डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे आणलं. रस्ताभर ते तोंडातल्या तोंडात वार आणि तारीख घोकत होते. तुम्ही नेमकं तेच विचारलंत. त्यांनी खणखणीत उत्तर दिलं, वर म्हणाले, "डॉक्टर, तुमची डावी बाही अर्धा इंच लांब आहे."

तुम्ही हसलात. "अहो ताई, तुमचे बाबा माझ्यापेक्षा हुशार आहेत. या वयात थोडंफार चालायचंच."

"साहेब, ही यादी एकदा..."

"पुढचा पेशंट."

आता दुकानात मास्तर आकडा मोठ्याने म्हणतात आणि मुलगी विचारते, "वजा करून?" कधी ते चिडतात, "मला शिकवू नकोस." कधी स्वतःच हळूच विचारतात, "केला का गं वजा?" काम चालू आहे. लाकडावर लिहिणं थांबलं आहे. ते लपवण्यापेक्षा विचारणं बरं, हे दोघांनाही कळलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत असेल तर हसू नका आणि टेपला, चष्म्याला, किल्लीला दोष देऊन मोकळे होऊ नका. लिहून ठेवा. आणि जो विसरतोय त्याला त्या भीतीत एकटं सोडू नका.

आणि डॉक्टरसाहेब, सोमवारी आम्ही परत येतोय. यादी सोळा ओळींची झाली आहे. या खेपेला मास्तर तारीख घोकणार नाहीत, मुलीने त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलंय. मी मापाची वस्तू आहे, म्हणून मोजून एकच विचारते. शिंपीसुद्धा माणसाला उभं करून, फिरवून, दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावत नाही. तुम्ही न मोजताच कापलंत. सोमवारी मोजणार आहात की नाही?