नऊ नंबरचा जोडीदार

तिने नऊ नंबरला शेपटीच्या मुळाशी धरून उचललं, प्लास्टिकच्या डब्यात सोडलं आणि डबा काट्यावर ठेवला. उंदीर आत दोनदा गोल फिरला आणि कंटाळून बसला. आकडा स्थिर झाला तसा तिने तो वहीत उतरवला. एकवीस ग्रॅम. काल बावीस होता.

"घसरतोय," ती म्हणाली.

"पिणारा आहे. घसरेल नाही तर काय बाळसं धरेल?" पिंजरे धुणारे मामा नळाखालून मान वर न करता म्हणाले.

प्राणिघरात चाळीस पांढरे उंदीर होते. वीस पिणारे, वीस जोडीदार. सगळ्यांचं खाणं पातळ, दुधासारखं, खुणांच्या नळीत भरून पिंजऱ्याला अडकवायचं. पिणाऱ्यांच्या नळीत दारू मिसळलेली, जोडीदारांच्या नळीत तिच्याऐवजी साखर. रोज सकाळी पिणाऱ्याने किती संपवलं ते खुणेवर वाचायचं आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या त्याच्या जोडीदाराला मोजून तेवढंच भरायचं. जोडीदार बिचारे दुपारपर्यंत नळी कोरडी करायचे आणि उरलेला दिवस तिच्या टोकाला दात लावून कुरकुर वाजवत बसायचे.

ज्यांचं हे संशोधन, त्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं होतं.

"ताई, पिणारा घेईल तेवढंच जोडीदाराला. थेंबभरही जास्त नाही."

"आणि त्याचं पोट नाही भरलं तर?"

"नाही तर नाही. दारूने पिणाऱ्याची भूक मरते. उद्या त्याचं यकृत बिघडलं, तर ते दारूने बिघडलं की उपासाने, हे कळणार कसं? म्हणून जोडीदारानेही तेवढंच उपाशी राहायचं. दोघांत फरक फक्त दारूचा उरला पाहिजे."

"म्हणजे लग्नच की हो हे!" मामा म्हणाले होते.

मॅडम खूप हसल्या होत्या. तीही हसली होती. त्याला चार वर्षं झाली. आता तो विनोद मामासुद्धा करत नाहीत.

यंदा त्यात माशाच्या तेलाची भर पडली होती. निम्म्या नळ्यांना पिवळी झाकणं, त्यांत माशाचं तेल. उरलेल्यांना पांढरी, त्यांत मक्याचं. दारूने म्हणे आतड्याची वीण सैल होते, आणि आतली घाण तिच्यातून पाझरून थेट यकृताकडे जाते. माशाच्या तेलाने ती वीण टिकते का, ते बघायचं होतं. मॅडमनी हे समजावताना स्वतःच्या स्वेटरची बाही ताणून दाखवली होती, त्यामुळे तिला ते पक्कं कळलं. एकदा मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "पिवळी बरी दिसतायत." फोन ठेवल्यावर तिने विचारलं, तर म्हणाल्या, "उंदरांचं आहे ताई, तेही अर्धवट. यावरून माणसांचं काही सांगता येत नाही." तिने फोनवरचं तेवढं ऐकलं आणि पुढचं कानाआड केलं.

उघडलेला तेलाचा डबा आठवड्याने टाकून द्यायचा, असा नियम होता. तळाशी राहिलेलं तेल ती टाकायच्या ऐवजी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी न्यायला लागली.

घरी तिचा नवरा होता. तो चष्म्याच्या काचा घासायचा. वीस वर्षं एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्याने गावभराच्या नजरा दुरुस्त केल्या. मग हात थरथरायला लागले, काचांच्या कडा उडायला लागल्या, आणि दुकानदाराने एक दिवस त्याला फार गोड शब्दांत घरी बसवलं. तोवर दारू संध्याकाळवरून दुपारवर आली होती.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, रक्ताचे आकडे पाहिले. म्हणाले, "तीन महिने एक थेंब नको. आत्ता सोडलीत तर यकृत सावरेल. नाही सोडलीत, तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल." नर्सने त्याचं वजन घेतलं. तो काट्यावरून उतरला तशी ती सवयीने चढली. एकाचं वजन झालं की जोडीदाराचं करायचं, हे हातापायांत मुरलेलं. नर्सला हसू आलं, पण तिने दोन्ही आकडे कागदावर लिहिले.

त्या दिवशी घरी येताना तो म्हणाला, "सोडली. तुझी शपथ."

तिने मान हलवली. यकृत सावरेल, हे दोन शब्द तिने धरून ठेवले होते. बाकी तिला फारसं काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढं कळत होतं. पहाटे उठायचं, उंदीर मोजायचे, एक वाजता घरी यायचं, ताटं वाढायची.

"घरात बोका मेलाय का?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं.

"तेल आहे. माशाचं. भाजीत घातलंय."

"ते उंदरांचं?"

"तुमच्या आतड्यासाठी आहे. गुमान खा."

"म्हणजे आता मलाही शेपटीला धरून उचलणार तू."

तिला जरा हसू आलं. माणूस विनोदी होता, त्यात वाद नाही. लग्न ठरलं तेव्हा स्वतः घासलेला चष्मा तिच्या नाकावर ठेवून म्हणाला होता, "यातून बघ, मी देखणा दिसतो." दिसला होता.

दोघांसाठी वेगळं काय शिजवायचं? भांडं एकच, भाजी एकच, तेलही त्याच भाजीत. त्याच्या घशाखाली जेमतेम अर्धं ताट उतरायचं. जेवण चार घास, शपथ मात्र पोटभर खायचा. त्याने ताट सरकवलं की तिचा हात आपोआप थांबायचा आणि तिच्या ताटातला उरलेला भात पुन्हा पातेल्यात जायचा. समोर माणूस उपाशी असताना आपण गिळत बसायचं, हे तिला जमायचं नाही. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या झाल्या तेव्हा तिने त्या आतून दुमडून शिवल्या.

पहिले काही दिवस त्याने वासावरून घर डोक्यावर घेतलं. मग एकाएकी त्याची कुरकुर थांबली. उलट ती यायच्या आधीच बाटलीतलं चमचाभर तेल नुसतं पिऊन बसायचा. ती दारात आली की त्याच्या तोंडाचा मासळीचा भपकारा यायचा.

"घेतलं बरं का तुझं औषध," तो म्हणायचा.

त्या तीन महिन्यांत तिला काही बरं वाटलं असेल, तर ते या वाक्याने. आपलं म्हणणं नवऱ्याने मनावर घेतलंय, असं तिला वाटलं.

मुदत संपत आली त्या आठवड्यात नऊ नंबर मेला. सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ताठ होऊन पडला होता. तिने वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'जोडी सुटली.' प्राणिघरात असंच लिहायचे. पिणारा गेला की जोडीदाराला प्रयोगातून काढायचं, निळ्या कार्डाच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि नळी काठोकाठ भरायची.

"सुटला गडी," मामा म्हणाले. "आता खाईल मरेस्तोवर."

पण जोडीदाराने नळी रोजच्याच खुणेपर्यंत आणली आणि तोंड काढून घेतलं. पुढे भरपूर होतं, तरी तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. ती बराच वेळ बघत उभी होती.

"खात का नाही हा?"

"सवय," मामा म्हणाले. "उद्या खाईल. पहिल्या दिवशी कुठलाच खात नाही."

सोमवारी दोघं डॉक्टरांकडे गेले. आधी तो काट्यावर चढला, मग ती. नर्सने जुना कागद काढला, दोन्ही आकडे पाहिले आणि तिचा हात धरून तिला पेशंटच्या स्टुलावर बसवलं.

"अहो, पेशंट मी आहे," तो म्हणाला.

"तुमचं वजन दीड किलोने कमी झालंय," डॉक्टर म्हणाले. पोटात पाणी धरलं असेल, तर तेही खरं वजन नव्हे, असंही पुटपुटले. मग तिच्याकडे वळले. "यांचं आठ किलोने. रक्त दोघांचंही घ्या."

गुरुवारी रिपोर्ट आले. डॉक्टरांनी दोन कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. तिने दोन्हींवर एकदम नजर टाकली. दोन रकाने शेजारी ठेवून वाचायची तिला रोजचीच सवय होती.

"तुमचं यकृत उत्तम आहे," डॉक्टर तिला म्हणाले. "थोडं रक्त कमी आहे, अंगात ताकद नाही. आजार असा काही नाही. पोटाला मिळत नाहीये, एवढंच." मग चष्मा काढून त्याच्याकडे वळले. "तुमचं आधीपेक्षा वाईट आहे. बरंच वाईट."

तो खुर्चीत पुढे सरकला.

"जेवण जात नाही ना, डॉक्टर. उपासानेसुद्धा वाढत असेल. एक थेंब घेतला नाही, हिची शपथ. आणि ही ते माशाचं तेल घालते भाजीत. प्रयोगशाळेतलं, उरलेलं. त्यानेच बिघडलं असणार."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "कसलं तेल?"

तिने सांगितलं. किती, केव्हापासून, कुठून, काही लपवलं नाही. डॉक्टर चिडले. असलं उघडं पडलेलं तेल कुणी पोटात घालतं का, म्हणाले. चूक होती, तिने मान्य केली.

"बघा," तो म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

तिचे डोळे अजून त्या दोन कागदांवर होते.

"तेल मीही खाल्लं," ती म्हणाली. आवाज वहीतले आकडे वाचून दाखवताना असायचा तसाच होता. "एकाच भांड्यातली भाजी. जेवणही तेवढंच. यांनी अर्धं खाल्लं की मी अर्धं. तीन महिने, रोज."

डॉक्टरांच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. नवरा समोरच्या भिंतीवरचा आतड्यांचा तक्ता वाचायला लागला. त्याला दिसत नव्हतं. चष्मा खिशात होता.

"यांच्या तोंडाला कधी वास यायचा का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "माशाचा."

हे बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. मी यायच्या आधीच चमचा. घेतलं बरं का तुझं औषध. काय पण शहाणी मी! स्वतःच्या हाताने बाटल्या भरून आणल्या, त्याचं तोंड झाकायला. राग यायला हवा होता. तो कुठेतरी खोल होता, आणि तिथपर्यंत जायला अंगात ताकद नव्हती. तिला फक्त भूक लागली होती.

डॉक्टरांनी त्याला दाखल व्हायची चिठ्ठी दिली. सोमवारी या, म्हणाले, आणि तोवर तरी खरं वागा. तिला गोळ्या लिहून दिल्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जेवण' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

घरी आल्यावर तिने खिडकी उघडली. मोरीत तेलाची बाटली उपडी केली, वर पाणी ओतलं. भात लावला, भाजी केली. दीड वाजता दोन ताटं वाढली. तो समोर येऊन बसला, बराच वेळ भात चिवडत राहिला.

"अगं, ऐक ना. रोज नव्हती. आठवड्यातून एखाद्या वेळी. तुझी शप–"

"माझी नको खाऊ," ती म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत तिच्या तोंडून पहिल्यांदाच त्याला एकेरी गेलं. तिच्या लक्षातही आलं नाही. "जेव."

तो चार घास जेवला. नेहमीच्या जागी थांबला, ताट सरकवलं.

तिचाही हात थांबला. तिने आपल्या ताटात पाहिलं. बरोबर अर्धं उरलेलं होतं. पातेलं जवळच होतं. तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं, आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली.

मग तिने ताट पुढे ओढलं आणि खायला लागली. उरलेलं अर्धं संपवलं. पातेल्यातला भात घेतला, त्यावर भाजी घेतली, तेही खाल्लं. तो बघत होता. चार वर्षं रोज दुपारी तिच्या तोंडून त्या चाळीस उंदरांच्या गोष्टी ऐकलेला माणूस होता तो. तिकडचे सगळे शब्द त्याला पाठ होते.

"जोडी सुटली म्हणायची का?" त्याने विचारलं. विनोद करायला गेला.

तिच्या तोंडात घास होता. तो नीट चावून झाल्यावर तिने पातेलं जवळ घेतलं, डावाने तळ खरवडला आणि उरलेला भात आपल्या ताटात वाढून घेतला.