उष्टी हळद

"वहिनी, पिक्चर थोडाच राह्यलाय. हिरो आत्ता मांडवातून पळून राह्यला," मोबाइलवरची नजर न काढता भागवत म्हणाला.

"तो मांडवातून तरी पळाला. तुम्ही हळदीच्या आधीच पळालात."

माझा धाकटा दीर मिरचीच्या शेडनेटमध्ये उलट्या क्रेटवर बसला होता. हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन त्याच्या नव्या बनियनवर, माझ्या हातातल्या हळदीच्या वाटीवर, कडेवरच्या लेकीच्या जावळावर तरंगत होतं. घरापुढचा बँडसुद्धा पाण्याखाली वाजत असल्यासारखा ऐकू येत होता. मी मात्र लेकीची मूठ धरून होते. मिरचीचा हात डोळ्यांत गेला असता तर?

या प्लॉटवर भागवत बियाण्याचं क्रॉसिंग करतो. नर झाडाच्या फुलातले पराग मादी झाडाच्या फुलाला लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा. बाया चिडवतात, "इतक्या लग्नांचा भटजी, अन् सोताच्या लग्नाला थरथर!" तो हसतो. आलेली स्थळंही त्यानं अशीच हसत घालवली. आकांक्षाला मात्र आपणहून होकार दिला होता.

ती तिकडे भोकरदनला सकाळपासून उपाशी होती. नवरदेवाची उष्टी हळद पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि हळद लागेपर्यंत घास नाही. जीप दारात खोळंबलेली. सासूबाईंनी मला वाटी देऊनच पाठवलं होतं, "सापडंल तिथं लाव, अर्पिता. पाटावर बसायची वाट नको पाहू."

मी त्याच्याशेजारी टेकले. पडद्यावर हिरो पळत होता, मागे सगळं वऱ्हाड. नवरीचा मामा चिखलात आडवा झाला. आम्ही दोघं हसलो. मग भागवतनं सिनेमा थांबवला.

"त्याला कशाचं भ्या वाटतं ते दाखवलंच न्हाई, वहिनी."

"तुम्हाला कशाचं वाटतं?"

"माझी खोली तुमच्या खोलीला लागून हाय. दादा वरडतो, ताट भिरकावतो. मंग तुम्ही लेकराला थोपटत रडता. सगळं ऐकू येतं." तो खाली बघत होता. "मी बी त्याचाच भाऊ. तसाच निघलो तं?"

संसारात चालायचंच, हे उत्तर तयार होतं. आईला फोनवर मी तेच देते. पण तोंडातून निघालं, "मला भीती वाटते त्यांची."

आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला.

फोन वाजला. आकांक्षा. त्यानं स्पीकर लावला.

"अहो, हळद येऊन राह्यली का न्हाई? येणार नसंल तं बराबर सांगा, मी भाकर खाऊन घेते."

"भ्या वाटून राह्यलं."

"मला बी वाटतंय. पण उपाशीपोटी लई वाटतं."

त्याला हसू आलं. मग हळूच म्हणाला, "मी कधी अंगावर वरडलो तं?"



"मंग जेवून निघंन. माहेर काही लांब न्हाई. आधी हळद पाठवा, जल्दी!"

फोन ठेवून त्यानं चेहरा पुढे केला. मी कपाळाला, गालांना हळद लावली. लेकीनंही बोट बुडवून त्याच्या नाकाला टेकवलं.

"वहिनी, इथून पुढं ताट पडलं का मी दार वाजवीन."

मी वळले. शेडनेटच्या दारात माझा नवरा उभा होता, संपत. आम्हाला बोलवायला आलेला, जीपची किल्ली हातात. कधीचा उभा होता कोण जाणे. सवयीनं मी लेकीला छातीशी ओढलं. त्यांनी माझा तो हात पाहिला. किल्ली खिशात टाकली आणि वाटीसाठी दोन्ही हात पुढे केले.

वाटी घेऊन त्यांनीच जीप काढली. मी जाळीआडून बघत होते. खड्डा आला की ती थांबायची, निजलेलं लेकरू न्यावं तशी अलगद उतरायची, अलगद चढायची. थेट वळणापर्यंत.

इतकं सावकाश त्यांना येतं, हे मला माहीतच नव्हतं.