मिस्त्रींचे कान आणि मी

मी विजेवर चालणारा रंधा बोलतोय. लाकूड तासून गुळगुळीत करणं हे माझं काम. माझ्या पोटात एक रूळ आहे, त्याला दोन पाती आहेत, आणि बटण दाबलं की तो मिनिटाला हजारो गिरक्या घेतो. हाताचा रंधा लाकडाशी कुजबुजतो, मी किंचाळतो. बोलायला बसलोच आहे, तर हे आधी कबूल केलेलं बरं.

मला ज्यांनी विकत घेतलं ते सुतार होते, दारं-खिडक्या बनवणारे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले आणि पुढच्या खोलीत त्यांची बायको कपडे शिवी. मधे एकच दार, ते बहुधा उघडंच असे.

माझ्या खोक्यात एक पुस्तिका होती. मिस्त्रींनी ती दोनदा वाचली. मला हातात घेण्याआधी ते बाह्या दुमडत, डोळ्यांवर चष्मा चढवत, नाकाला फडकं बांधत. माझी वायर खांद्यावरून पाठीमागे सोडत, म्हणजे ती पात्याखाली यायला नको. पाती बदलायची असली की प्लग काढून समोर टेबलावर ठेवत. नुसत्या बटणावर त्यांचा भरवसा नव्हता. आणि बटण सोडल्यावर माझा रूळ काही क्षण फिरतच राहतो, म्हणून तो थांबेपर्यंत मला हातातच धरून ठेवत. नवा माणूस कामाला आला की त्यालाही बजावत, "आधी आवाज मरू दे, मग खाली ठेव."

असा जपून वागणारा माणूस. चुकला तो एकाच ठिकाणी.

"अहो, कानावरची झाकणं आणलीत ना? मग ती खिळ्याला का लटकतायत?" बायको दारातून विचारी.

"अगं, ती घातली की लाकूड काय म्हणतंय ते कळत नाही. गाठ आली की याचा आवाज बदलतो. कान झाकून तासणं म्हणजे डोळे झाकून शिवणं."

ती पुन्हा शिवायला बसे. मला मात्र सांगावंसं वाटे, की गाठीवरचा माझा आवाज झाकणांतूनही चांगला ऐकू येतो. पण मला कोण विचारतंय! डोळ्यात कुसळ गेलं तर पाणी येतं, बोट कापलं तर रक्त येतं. कानाला मी रोज थोडं थोडं खात होतो आणि कुठे थेंबही सांडत नव्हता.

आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग दारावरची घंटा. मग मिस्त्री तक्रार करू लागले, "हल्ली लोक तोंडातल्या तोंडातच बोलतात." एकदा बायको म्हणाली, "पडदे झाले." हे धावत बाहेर गेले, "कोण पडलं? कुठे पडलं?" त्या दिवशी दोघं पोट धरून हसली. वर्षभरानं तशीच गंमत झाली तेव्हा फक्त ते हसले.

त्यांची मुलगी दूर नोकरीला होती. ती रजा काढून आली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर इथेच, या टेबलाला टेकून, तिनं आईला सांगितलं, "गेलेलं परत येत नाही म्हणाले. उरलंय तेवढं जपा."

आई कापलेल्या कापडाची घडी घालत राहिली. म्हणाली, "कामाचं असतं ते मी ओरडून सांगते गं. पण सगळंच काही ओरडून सांगता येत नाही."

कानात घालायचं यंत्र आणलं. माझ्याजवळ आलं की ते वेडंवाकडं वाजे, डोकं फिरवी, म्हणून ते काढून खणात गेलं. मुलीनं खिळ्यावरची झाकणं काढून बापापुढे धरली. त्यांनी ती हळूच बाजूला सारली.

"आता काय राहिलंय त्यात वाचवायला?" ते म्हणाले आणि त्यांनी माझं बटण दाबलं.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. दुपारची वेळ होती. दाराची एक फळी तासून झाली आणि मिस्त्रींनी बटण सोडलं. आवाज मेला की ठेवायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. त्यांच्या लेखी आवाज मेलाच होता. हातही इतक्या वर्षांच्या थरथरीनं बधिर झालेले. माझा रूळ अजून गरगरत होता. बायको चहा घेऊन दारात आली होती. तिनं पाहिलं.

"अहो, फिरतंय अजून! ठेवू नका! अहो!"

त्यांनी मला टेबलावर टेकवलं. पाती लाकडाला लागली आणि मी उसळून पुढे धावलो. पुढे त्यांचा डावा हात होता, लाकडाचे छिलके गोळा करणारा.

ती धावली, आधी प्लग उपटला, मग पदर फाडून हात बांधला. "मी तीनदा ओरडले हो, तीनदा," म्हणत होती. मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला होता. ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

दोन बोटांची पेरं गेली. जखम भरली. मला फळीवर ठेवलं, वायर गुंडाळून. एकजण विकत मागायला आला होता. बायकोनं त्याला दारातूनच परत पाठवलं. मिस्त्री अजून रोज इथे येतात, हाताने एखादी पट्टी घासत बसतात. ती चहा ठेवून जाते. कुणी कुणाशी बोलत नाही. भांडण नाही हो, सवय मोडलीय.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर कान झाका, पहिल्या दिवसापासून झाका, एवढीच विनवणी. तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही. मिस्त्रीही काही बेपर्वा नव्हते.

काल संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईनं तो मोठ्या आवाजावर लावून मिस्त्रींच्या कानाशी धरला.

"बाबा, मला इथे अजिबात करमत नाही हो. सगळं सोडून घरी येऊ का?"

मिस्त्री मनापासून हसले. "हो, हो, जेवलो. तू जेवलीस का?"

आईनं तोंड फिरवलं.

"हो बाबा," फोनमधून मुलगी म्हणाली, "जेवले."