दगडापर्यंत

बाबूने टेपचे टोक अनिशच्या हातातून ओढूनच घेतले आणि घराच्या मागच्या भिंतीला दाबून धरले. तालुक्याहून जागा पाहायला आलेला हा अधिकारी त्याला पहिल्या नजरेतच बिनकामाचा वाटला होता. समुद्राकाठी यायचे आणि पायात बूट! बाबूने मुंबईत गोदीच्या हापिसात तेहतीस वर्षे कारकुनी केली होती. तेव्हापासून जगातला दुसरा कुठलाही सरकारी माणूस त्याला अडाणीच वाटे.

काम दोन अर्जांचे होते आणि दोन्ही बाबूचेच. पहिला, याच भिंतीला लागून न्हाणी-संडास बांधायच्या परवानगीचा. जुना संडास आवाराच्या टोकाला, माडांच्या पलीकडे होता. खुब्याचे हाड मोडल्यापासून आनंदीला, त्याच्या बायकोला, तिथवर जाणे म्हणजे दिवसातून चार वेळा घाट चढणे होते. दुसरा अर्ज तक्रारीचा. शेजारच्या पुतण्याने, मितेशने, पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या त्या समुद्राच्या फार जवळ आहेत म्हणून. खरे तर त्या रस्त्याच्या अंगाला होत्या. 'समुद्राकडे पाठ करून बसलेला हॉटेलवाला' अशी त्याची टर बाबूच साऱ्या वाडीत उडवायचा. तक्रार लिहिताना ते त्याला आठवले नाही.

"काका, भरतीच्या पाण्यापासून पन्नास मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही," अनिश म्हणाला. "नकाशावरची रेषा इथे नीट लागत नाहीये. पाणी साधारण कुठवर येतं?"

"साधारण कशाला? नेमकं दाखवतो."

बाबू त्याला माडांमध्ये घेऊन गेला. तिथे कमरेएवढा काळा दगड उभा होता. माथ्यावर शेंदूर, पायथ्याशी गेल्या नारळी पौर्णिमेची करवंटी.

"उधाणाचा समुद्र इथवर आला, तेव्हा आमच्या आजोबांनी हा पुरला. दरवर्षी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, की हयसर इलंस, आता फुडे येव नको. शेजारीसुद्धा पाणी सरळ याच रेषेत येतं. लिहून घ्या."

दोन आवारांमधल्या दगडी गडग्यापलीकडे मितेश उभा होता. त्याने एकदा दगडाकडे पाहिले, एकदा घराच्या मागच्या भिंतीकडे.

"काका, ता पाणी एकदाच इल्ला. तुमच्या आज्याच्या वेळेक," तो म्हणाला. मग अनिशकडे वळून, "तो देवाचा दगड आहे साहेब. भरतीचा नाही."

अनिशने पेन थांबवले. "एकदाच आलं होतं का, काका?"

एवढ्यावर 'हो' म्हणून मान हलवली असती तरी पुरे होते. पण मितेशच्या तोंडून आलेली गोष्ट खरी मानायची, तर बाबूला तोंड कशाला दिले होते देवाने?

"तू गप ऱ्हव रे! काल जन्माक इलंस आणि माका समुद्र शिकयतंस?" तो गरजला आणि लगेच हापिसातल्या मराठीवर आला. "दरवर्षी येतं, साहेब. प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. सही करून देतो."

आणि दिलीसुद्धा, खाली दोन रेघा ओढून.

अनिशने दगडापासून टेप धरला. मितेशच्या खोल्या एकसष्ट मीटरवर भरल्या. बाबूची भिंत अडतीसवर.

"यांचं बाहेर आहे, तेव्हा तक्रार निकालात निघाली," अनिश कागदाची घडी करत म्हणाला. "तुमचं मात्र आत येतं, काका. परवानगी मिळणार नाही."

"अहो, पण घर आधीपासूनचं आहे!"

"घराला कोण हात लावतोय? न्हाणीघर नवं आहे ना."

बुटांतली वाळू झाडून तो गेला. मितेश गडग्यापाशी थोडा वेळ उभा राहिला, मग आत गेला. तो हसला असता तर बाबूला बरे वाटले असते, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

ऊन कलल्यावर बाबूने पहार आणली आणि तासभर खपून तो दगड उपटला. ढकलत ढकलत गडग्याच्या कडेला नेऊन पालथा घातला. दगडाचा काही दोष नव्हता. दोष ज्याचा होता त्याला उपटणे बाबूच्या हातचे नव्हते.

"चला," आनंदी पडवीतून म्हणाली. तिने दुपारी सगळे ऐकले होते.

बाबूने तिचा दंड धरला. एक पाऊल टाकायचे, दुखणे गिळायचे, दुसरे टाकायचे. माडांमध्ये पोचल्यावर ती नेहमीसारखी थांबली आणि दम खायला तिने हात टेकायला पुढे केला. सहा महिने ती त्या दगडावरच तळवा टेकत होती. बाबू रोज शेजारी उभा असायचा, आणि तरी आज ते त्याच्या डोक्यात आले नव्हते. हात हवेत गेला, ती कलंडली.

त्याने तिला सावरले. आसपास टेकायला काहीच नव्हते. तेव्हा तो स्वतःच त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. आनंदीने त्याच्या टकलावर हात टेकला आणि श्वास जागेवर येईपर्यंत तशीच उभी राहिली.

"दगड बरो होतो," ती म्हणाली. "कधी बोलाक नाय."