उंबरवाडीत कोणीही राहत नाही

सोमवारी आमच्या तालुका आरोग्य कार्यालयातल्या संगणकाने अहवालात लिहिलं, 'खोली क्रमांक चारमध्ये तीन खुर्च्या जास्त आहेत,' आणि तीन खुर्च्या गेल्या. दोन खुर्च्यांवर माणसं बसलेली होती, तीही गेली. त्यांचा चहा टेबलावर निवत राहिला.

ही नवी सोय होती. आकडे आम्ही भरायचे, त्याखाली साध्या मराठीत अर्थ संगणक लिहिणार. वरच्यांना कोष्टकं वाचायचा कंटाळा येतो, म्हणून. पूर्वी कोष्टक चुकलं तर फक्त कोष्टक चुकायचं.

बुधवारी उंबरवाडीचा तक्ता आला नाही. रिकामा रकाना वर चालत नाही, म्हणून अशा वेळी आम्ही सगळीकडे 'निरंक' टाकतो. मी एकोणीस वर्षं टाकतेय. ताप निरंक, मृत्यू निरंक, जन्म निरंक. संगणकाने खाली लिहिलं, 'उंबरवाडीत कोणीही राहत नाही.'

दुपारी उंबरवाडीच्या आशा सेविका फुलाबाई शेलार दारात आल्या. घोट्यांच्या खाली त्या नव्हत्या. छातीशी दुपट्यात तान्हं बाळ होतं.

"मॅडम, पाटीवरनं गावाचं नाव गेलं बगा. मग घरं गेली. सून बाजेवर हुती, आता बाज बी न्हाई."

"तक्ता का नाही पाठवलात?"

"दोन दिस सुनेपाशीच हुते. काल बाळंत झाली. नातीला तेवढी उचलली अन् पळाले."

मला माझीच लाज वाटली. मग राग आला, आणि तो बरा वाटला.

आमचे वरिष्ठ उपासनी साहेब, त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, हे वाक्य खोडायचंय.

"वाक्य खोडता येत नाही," ते म्हणाले. "आणि किती सोपं आहे बघा. शेंबड्या पोरालाही कळेल."

"खोटं आहे, साहेब."

"सही करा. पाचला पाठवायचंय."

"नाही करणार. काय करायचं ते करा."

मी अहवालाची छापील प्रत माझ्या टेबलावर घेतली, लाल पेन काढलं आणि फुलाबाईंना समोर बसवलं.

"सुनेचं नाव सांगा."

"कुसुम दगडू शेलार."

मी ते समासात लिहिलं. फुलाबाईंचा फोन वाजला. कुसुम बोलत होती, बाळ कुठाय विचारत होती.

मग आम्ही घरामागून घर घेतलं. दगडू, तानूबाई, पांगळे अण्णा, शाळेजवळचे चौघे भाऊ. फोन वाजत राहिला. संगणकही गप्प बसला नाही. त्याने लिहिलं, 'कार्यालयाला एवढी जागा लागत नाही,' आणि मागचं कपाट माझ्या पाठीला टेकलं. साहेबांची खोली भिंतीत गेली. आतून त्यांचा आवाज येत होता, "मॅडम, सही." संगणकाने लिहिलं, 'या टेबलावर कोणीही बसत नाही.' माझा डावा हात कोपरापर्यंत गेला.

"मी बसलेय," मी मोठ्याने म्हटलं. "पुढचं नाव."

एकशे त्रेचाळीस नावं झाली. फुलाबाईंची पावलं परत आली होती. एकच नाव उरलं, आणि दुपटं सैल पडायला लागलं होतं.

"हिचं?"

"अजून बारसं न्हाई, मॅडम. नाव कुठनं आणू?"

"आत्या काय ठेवणार होती?"

"आत्याच न्हाई तिला. माझा एकच ल्योक, लेक न्हाई."

"मग मी आत्या. आणा इकडे."

फुलाबाईंनी दुपटं टेबलावर ठेवलं. आत काही दिसत नव्हतं. माझ्या उजव्या हाताची बोटं गेली आणि पेन कागदावर पडलं. मी वाकले. जिथे कान असायला हवा होता तिथे तोंड नेऊन कुर्र केलं आणि नाव सांगितलं. पडद्यावर नवं वाक्य उमटू लागलं होतं. मी तिकडे पाहिलं नाही. पेन दातांत धरलं आणि समासात पहिलं अक्षर काढलं.