पुसलेला काना

मांडवीला एक होती सुनंदा, एक होती तिची लेक आम्रपाली, आणि त्या दोघींच्या घरात दोनशे पानांची मी एक वही. मीच बोलतेय. खरं तर तोंड दाखवायला जागा नाही, असं केलंय मी.

आम्रपाली मोबाइलवर स्पॅनिश शिकायची आणि शब्द आपल्याच अक्षरांत माझ्यात उतरवायची. आक्त्रीस म्हणजे नटी. प्रेमियो म्हणजे बक्षीस. पापेल म्हणजे नाटकातली भूमिका, आणि पापेल म्हणजे कागदसुद्धा! ते लिहिलं तेव्हा मी केवढी फुगले होते. स्पेनमधल्या एका नाट्यशाळेत वर्षभर फुकट शिकायचं होतं तिला. जागा एकच, आणि परीक्षा तोंडी, स्पॅनिशमध्ये.

सुनंदा माहेरची पोफळीची. तिथं जयंतीच्या नाटकात तिला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालेलं. परीक्षेच्या सकाळी ती बांगडे साफ करता करता उठून आली.

"माज्या बक्षिसाचं कुटं लिवलंस गो?"

"हात धू आदी, आये! हे बघ. गानो एल प्रेमियो. तिनं बक्षीस जिंकलं."

"गानो..." म्हणत सुनंदानं ओलं बोट शब्दावर ठेवलंच. आम्रपाली तोवर वेणी घालायला गेली. शाई पसरली, सुनंदानं पदरानं टिपली, आणि 'नो'चा काना पदराबरोबर गेला. उरलं 'गाने'. म्हणजे 'मी जिंकले'.

परीक्षा मोबाइलवरच होती. परीक्षक बाईंनी विचारलं, घरात कुणी नाटकवालं आहे का? पोरगी घाबरलेली. माझ्यात बघून तिनं वाचलं, घरात एक नटी आहे, गाने एल प्रेमियो. बाई खूश. प्रमाणपत्र मागितलं, तिनं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बक्षीस स्वतःचं सांगितलंत, प्रमाणपत्रावर नाव सुनंदाचं. खोटं बोलणाऱ्याला जागा नाही.

"मी खोटं नाय बोल्ले, आये!" रडत तिनं मला उघडलं. ते पान आलं आणि 'नो'चा काना गेलेला तिला दिसला, तेव्हा वाटलं, आत्ताच्या आत्ता वाळवी लागावी. दोन वर्षं विश्वासानं सगळं माझ्याकडे दिलं, आणि मला एक काना सांभाळता आला नाही.

सुनंदा डागावर वाकली. "माज्या बोटानं गेला तो काना. लाव फोन त्या बायला."

आम्रपालीनं डागासकट पान बाईंसमोर धरलं. म्हणाली, आमच्या लिपीत ही एक उभी रेघ गेली की 'ती'ची 'मी' होते. बाईंचा चेहरा हलेना. "मग जिंकलं कोण?"

आम्रपालीनं प्रश्न मराठीत सांगितला, तशी सुनंदानं मोबाइल ओढून घेतला आणि छातीवर हात मारून ओरडली, "गाने!"

त्या तोंडात शब्द बरोब्बर बसला. बाई खळखळून हसल्या. मग सुनंदानं नाटकातलं अख्खं भाषण मराठीतच म्हटलं, आणि बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

मी मात्र अजून त्या पानावर नीट उघडत नाही, चिकटून बसते.

आठवड्यानं पत्र आलं. जागा आम्रपालीची. सुनंदानं पोरीला मिठी मारली आणि पहिलं विचारलं, "तिकडं भात गावतो काय गो?"